धन्याचे हृदय आणि गुलामाचा कागद
(बौद्धजनांच्या वाचनमंडळापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धर्मांतर झालेल्या घरांतून पोथ्या गेल्या, पारायणे गेली, सत्यनारायण गेला. त्यांच्या जागी त्रिशरण-पंचशील आले, 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आला. हे योग्यच झाले. परंतु एक जागा पुष्कळ घरांत अजून रिकामी आहे. दिवेलागणीनंतर मुले आजीला म्हणतात, गोष्ट सांग. आणि आजीला येतात त्या गोष्टी जुन्याच असतात. ती हरिश्चंद्राची गोष्ट सांगते. सत्यासाठी राज्य सोडलेला राजा काशीच्या स्मशानात डोंबाचा चाकर झाला, येथे तिचा कंठ दाटून येतो आणि मुलांच्याही डोळ्यांत पाणी उभे राहते. राजाने डोंबाच्या घरी राबावे यापरते दुःख नाही, असे ती कथा सांगते. तो डोंब मात्र जन्मभर त्याच स्मशानात राबत होता आणि त्याची मुले त्याच धुरात वाढत होती. त्यांच्यासाठी त्या कथेत कोणी एक अश्रू ढाळलेला नाही. आणि ही कथा ऐकून रडणारी मुले कोणाची? ज्यांच्या वाडवडिलांनी गावाच्या मसणात लाकडे वाहिली, त्यांची!

म्हणून घरात कोणती गोष्ट सांगितली जाते हा प्रश्न मी केवळ करमणुकीचा मानीत नाही. गोष्टीत दुःख कोणाचे मोजले जाते आणि सुटका कोणाच्या हातून होते, या दोन गोष्टी मूल न शिकविता शिकते. हे दोन प्रश्न घेऊन आज तुम्ही माझ्याबरोबर एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड-अमेरिकेच्या काही पुस्तकांकडे यावे, अशी माझी विनंती आहे. ही पुस्तके दारिद्र्य आणि गुलामगिरी यांविषयी लिहिलेली आहेत. तो मुलूख आपल्याला अगदीच परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा काळ्या लोकांना दास्यातून सोडविण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांनाच त्यांनी तो अर्पण केला होता.

प्रथम लंडनला जाऊ. चार्ल्स डिकन्स याचे 'अ ख्रिसमस कॅरोल' हे लहानसे पुस्तक १८४३ च्या डिसेंबरात निघाले आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्या ६,००० प्रती संपल्या. डिकन्स हा सुखवस्तू घरात बसून गरिबीची कल्पना करणारा लेखक नव्हे. बाप कर्जापायी तुरुंगात पडला तेव्हा १२ वर्षांचा हा मुलगा थेम्सच्या काठी बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवीत बसत असे. खाणींत व कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल १८४३ साली त्याच्या वाचनात आला. त्यावर एक पत्रक काढावे असे त्याने ठरविले; मग पत्रकापेक्षा गोष्टीचा घाव खोल जाईल असे वाटून त्याने गोष्ट लिहिली.

ती भुतांची गोष्ट आहे, आणि सणाचीही. स्क्रूज नावाचा कवडीचुंबक व्यापारी आहे. त्याचा कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला १५ शिलिंगांवर थंडीने कुडकुडत राबतो. त्याचा धाकटा मुलगा टिम पंगू आहे. गरिबांसाठी वर्गणी मागावयास आलेल्या गृहस्थांना स्क्रूज उलट विचारतो की, तुरुंग आणि गरिबांना राबविणारी वर्कहाउसे बंद पडली आहेत काय? नाताळच्या आदल्या रात्री त्याच्या मेलेल्या भागीदाराचे, मार्लेचे भूत येते. त्याच्या कमरेभोवती साखळी आहे. ती साखळी तिजोऱ्या, किल्ल्या, कुलुपे आणि खातेवह्या यांची आहे, आणि ती त्याने जिवंतपणी स्वतःच्या हाताने घडविलेली आहे. आपण भूत-पिशाच मानीत नाही. परंतु सावकाराच्या खातेवह्याच त्याच्या पायांत बेडी होऊन पडतात, ही कल्पना ज्यांच्या आजोबांनी अंगठ्याचे ठसे उठविले त्यांना समजावून सांगावी लागणार नाही. नंतर तीन आत्मे येऊन स्क्रूजला त्याचा भूत, वर्तमान आणि भविष्य दाखवितात. सकाळी तो जागा होतो तो निराळाच माणूस. तो बॉबच्या घरी भला मोठा पक्षी मेजवानीसाठी पाठवितो, पुढे पगार वाढवितो आणि टिम जगतो.

गोष्ट सुंदर आहे. मुलांना अवश्य सांगा. परंतु सांगून झाल्यावर त्यांना एक प्रश्न विचारा : त्या रात्री भुते आली नसती तर? बॉब क्रॅचिटने संपूर्ण पुस्तकात पगार मागितलेला नाही. त्याच्या मुलाचे जगणे-मरणे दुसऱ्या माणसाच्या एका रात्रीच्या स्वप्नावर अवलंबून आहे. लंडनमध्ये स्क्रूज हजारो होते. तेवढी भुते आणावयाची कोठून?

डिकन्सला हे अजिबात कळले नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. दुसऱ्या आत्म्याच्या झग्याखालून दोन हाडकुळी, भेसूर मुले बाहेर येतात. मुलगी म्हणजे दैन्य आणि मुलगा म्हणजे अज्ञान. दोघांपासून सावध राहा, पण त्यातही मुलापासून अधिक, असे तो आत्मा बजावतो. 'शिका' हा शब्द ज्यांच्या घरात पहिला मंत्र आहे त्यांनी ते पान दोनदा वाचावे.

आता अमेरिका. डिकन्स तेथे १८४२ साली जाऊन आला होता आणि पळालेल्या गुलामांना धरून देण्याच्या जाहिराती त्याने आपल्या प्रवासवृत्तात छापल्या होत्या. कोणाच्या अंगावर डाग दिल्याची खूण, कोणाचा कान कापलेला, आणि ते सारे धन्याने स्वतःच वर्तमानपत्रात ओळखीची निशाणी म्हणून सांगितलेले! १८५० साली तेथे असा कायदा झाला की, पळून आलेल्या गुलामाला पकडून देण्याच्या कामी गुलामगिरी नसलेल्या राज्यांतील नागरिकांनीही हातभार लावला पाहिजे. हॅरिएट बीचर स्टो या बाईंना तो असह्य झाला. त्या अनेक वर्षे सिनसिनाटी शहरी राहिल्या होत्या. नदीच्या पलीकडच्या काठाला केंटकी, म्हणजे गुलामांचा मुलूख. १८४९ च्या पटकीच्या साथीत त्यांचे तान्हे मूल दगावले होते. ज्या आयांची मुले जिवंतपणी विकली जातात त्यांचे दुःख आपल्याला तेव्हा कळले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. जून १८५१ पासून एका साप्ताहिकातून त्यांची कादंबरी क्रमशः आली आणि मार्च १८५२ मध्ये 'अंकल टॉम्स केबिन' हे पुस्तक निघाले. पहिल्या वर्षात एकट्या अमेरिकेत सुमारे ३ लाख प्रती खपल्या. (लिंकनने या बाईंना पाहून, हे मोठे युद्ध घडविणारी ती लहानशी बाई हीच काय, असे विचारल्याची आख्यायिका सर्वत्र सांगतात. तिला तत्कालीन पुरावा नाही. आपण पुराणातील चमत्कार सोडले आहेत, तेव्हा हाही सोडून द्यावा.)

या कादंबरीत टॉम हा प्रामाणिक, ईश्वरभक्त गुलाम. धनी शेल्बी कर्जात बुडतो आणि टॉमला व एलायझा या दासीच्या लहान मुलाला विकतो. शेल्बी दुष्ट नाही, हे ध्यानात ठेवा. एलायझा मुलाला पोटाशी धरून रात्री पळते आणि ओहायो नदीच्या तरंगत्या बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारीत पलीकडे जाते. हे प्रकरण मुलांना अवश्य वाचून दाखवा. मुले श्वास रोखून ऐकतात.

माझ्या मते या ग्रंथाचा खरा गाभा पुढे न्यू ऑर्लिन्स येथील सेंट क्लेअरच्या घरी आहे. सेंट क्लेअर उदार, विद्वान, गुलामगिरीचा तिटकारा असलेला. आणि तरीही गुलामांचा धनी. त्याची चुलत बहीण ऑफेलिया उत्तरेतून, व्हरमाँटहून आलेली. ती गुलामगिरीची कट्टर विरोधक आहे. तिच्या स्वाधीन टॉप्सी नावाची एक काळी पोर केली जाते, आणि गुलामगिरीला पाप मानणाऱ्या या बाईला त्या पोरीचा स्पर्श सहन होत नाही. ती ते कोणाला बोलून दाखवीत नाही. पण पोरीला ते कळते. आपण काळे आहोत म्हणून बाई आपल्याला शिवून घेत नाही, हे टॉप्सी अचूक ओळखते. भाषणात समता सांगणारे आणि पाण्याचा पेला निराळा ठेवणारे सुधारक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे पान वाचताना अमेरिका फार जवळ आल्यासारखी वाटेल. ऑफेलियाच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, तिला स्वतःची लाज वाटते आणि ती बदलते.

बदलल्यावर ती काय करते, हे बारकाईने पाहा. टॉप्सी मला दे म्हणून ती सेंट क्लेअरला सांगते. तो हसून होकार देतो. ती म्हणते, तोंडी नको. कागदावर लिहून दे, आणि आताच्या आता दे. तू उद्या मेलास किंवा तुझे दिवाळे निघाले तर ही पोर लिलावात जाईल. सेंट क्लेअरला या घाईची गंमत वाटते, पण तो कागद करून देतो. टॉमलाही त्याने मुक्त करण्याचे वचन दिलेले असते. वचन मनापासूनचे असते, कामाला सुरुवातही झालेली असते. फक्त कागद पुरा झालेला नसतो. एके दिवशी दोन दारुड्यांचे भांडण सोडविताना सेंट क्लेअरला सुरा लागतो आणि तो मरतो. टॉप्सी सुटते. टॉम बाजारात उभा राहतो.

भगिनींनो, या दोन माणसांच्या दैवात फरक काय? दोघांवरही धन्याची माया होती. एकीजवळ कागद होता, दुसऱ्याजवळ नव्हता. हृदयपरिवर्तनाची भाषा आपल्या देशात पुष्कळ झाली. १९३२ साली अस्पृश्यतानिवारणासाठी निघालेल्या संघाचे चिटणीस ठक्कर यांना पत्र लिहिताना बाबासाहेबांनी विहिरी, शाळा, वाहने अशा ठिकाणी नागरी हक्क मिळवून देण्याची मोहीम हेच पहिले काम म्हणून सुचविले. आणि पुढे घटनेत १७ वे कलम लिहिले गेले. सेंट क्लेअरच्या मरणाचे प्रकरण वाचल्यावर त्या कलमाची किंमत शाळकरी मुलालाही कळेल.

टॉमला लेग्री नावाचा क्रूर मळेवाला विकत घेतो. आणि येथे गुलामगिरीच्या कादंबरीत चक्क एक भुताची गोष्ट येते. लेग्रीच्या घराच्या माळ्यावर पूर्वी एका दासीला आठवडेच्या आठवडे कोंडले होते आणि तिचे प्रेतच खाली आले होते. तेव्हापासून त्या माळ्याचे भय घरात आहे. सर्वांत अधिक लेग्रीला. कॅसी ही गुलाम स्त्री हे ओळखते. ती माळ्याच्या भिंतीतील भोकात फुटक्या बाटलीची मान बसविते; वारा सुटला की आतून विव्हळण्याचा आवाज येतो. मग ती आणि एमेलीन दलदलीकडे पळाल्याचे दाखवितात, मागल्या बाजूने परततात आणि त्याच माळ्यावर लपून राहतात. कुत्री आणि माणसे रान धुंडाळीत असतात, आणि या दोघी धन्याच्या डोक्यावर शांतपणे बसलेल्या असतात! शेवटी पांढरी चादर पांघरून कॅसी रात्री बाहेर पडते, आणि तिला अडविण्याची कोणाची छाती होत नाही. आमच्या वाड्यांतून देवऋषी, अंगात येणे, उतारा टाकणे यांनी ज्यांना लुबाडले त्यांनी पाहावे की, भुताची भीती कोणाला वाटते आणि ती कोण कशी वापरतो.

टॉम मात्र पळत नाही. त्या दोघींचा ठावठिकाणा सांगण्याचे नाकारून तो मार खातो आणि मारणाऱ्यांना क्षमा करीत मरतो. पुढे काळ्या लोकांतच 'अंकल टॉम' ही शिवी झाली. मिंधा, धन्याचे पाय चाटणारा असा त्याचा अर्थ झाला. मला ही शिवी पुस्तकातील टॉमला लावणे अन्यायाचे वाटते. तो बायकांवर चाबूक उगारण्याचे नाकारतो आणि दोन स्त्रियांसाठी प्राण देतो. त्याला लाचार विदूषक बनविले ते नंतरच्या नाटकमंडळ्यांनी. बाईंचा दोष निराळा आहे. त्यांनी टॉमला न्याय दिला तो स्वर्गात. आणि एलायझाचा बाणेदार नवरा जॉर्ज, ज्याला त्या स्वर्गात पाठवू शकल्या नाहीत, त्याला आफ्रिकेत लायबेरियाला पाठविले. ज्या भूमीवर घाम गाळला तेथे मात्र त्याला जागा नाही! गुलामगिरीतून पळून आलेला थोर पुढारी फ्रेडरिक डग्लस हा या कादंबरीचा चाहता होता, पण १८५३ साली त्याने बाईंना पत्र लिहून स्पष्ट कळविले की आम्ही येथले आहोत आणि येथेच राहणार.

या डग्लसचे १८४५ सालचे आत्मचरित्र कादंबरी नव्हे. पण डिकन्सच्या नाताळाशेजारी ते ठेवून वाचावे. नाताळ ते नववर्ष एवढे दिवस गुलामांना सुटी असे. धनी त्यांना दारू पाजीत, कोण अधिक पितो यावर पैजा लावीत, आणि त्या दिवसांत कोणी काम केले तर ते धन्याला रुचत नसे. ही दया नसून कावा आहे, असे डग्लस सांगतो. सुटीत गुलामाला इतके लोळवावयाचे की स्वातंत्र्य म्हणजे हेच असे वाटून त्याला त्याचीच शिसारी यावी. आणि मनात साठलेले बंड दारूबरोबर वाहून जावे. आपल्याकडे सणाच्या दुसऱ्या दिवशी गावात टोपली घेऊन उरलेले अन्न मागावयास जाण्याची चाल होती, आणि तिला आपण हक्क म्हणत होतो! १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ते तुकडे सोडावयास का सांगितले, हे डग्लसची ती पाने वाचून अधिक समजते.

शेवटी ज्या पुस्तकासाठी मी हे सारे बोललो, त्याकडे वळतो. हॅरिएट जेकब्स ही उत्तर कॅरोलायनातील एडन्टन गावची गुलाम स्त्री. धन्याच्या वासनेपासून सुटण्यासाठी ती १८३५ साली नाहीशी झाली. तो तिला दूर उत्तरेत शोधीत होता, कारण तिने युक्तीने तिकडून त्याला पत्रे टाकविली होती. ती मात्र त्याच गावात, आपल्या आजीच्या घराला जोडलेल्या छपराखालच्या पोकळीत होती. ती पोकळी नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि जेथे सर्वांत उंच तेथे तीन फूट. उंदीर, किडे, उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात गोठण. तेथे ती जवळजवळ सात वर्षे राहिली. गिरमिटाने पाडलेल्या एका भोकातून ती खाली खेळणारी आपली दोन मुले पाहत असे. कॅसीचा माळा हा कादंबरीतला. हा माळा खरा.

तिने आपली हकीगत लिहून काढण्यासाठी एका स्नेह्यामार्फत स्टोबाईंची मदत मागितली. बाईंनी ती हकीगत आपल्याच नव्या पुस्तकात घालण्याची तयारी दाखविली. जेकब्सला ते रुचले नाही. तिने रात्री-अपरात्री, दुसऱ्यांची मुले सांभाळून झाल्यावर, स्वतःच लिहिले. १८६१ साली टोपण नावाने पुस्तक निघाले, आणि ते कोणा गोऱ्या बाईने रचलेली कादंबरी असावी असे विद्वान म्हणत राहिले! १९८० नंतरच्या दशकात जीन फॅगन येलिन या अभ्यासिकेने पत्रव्यवहार शोधून काढून ते पुस्तक जेकब्सनेच लिहिलेले असल्याचे दाखवून दिले, तेव्हा कोठे लेखिकेला तिचे नाव परत मिळाले. आपल्या आयांनी सांगितलेल्या हकीगती आपण लिहून ठेवल्या नाहीत तर दुसरे कोणी तरी त्या आपल्या पुस्तकात घालील, ही भीती मला हे वाचताना वाटली.

नववर्षाविषयी तिने लिहिले आहे. तेथे जानेवारीची पहिली तारीख हा गुलाम भाड्याने देण्या-घेण्याचा दिवस. आदल्या रात्री गोरी कुटुंबे मेजवानीची तयारी करीत, आणि गुलाम आई थंड जमिनीवर मुलांकडे पाहत बसे, कारण उद्या त्यांतले कोण राहील हे तिला ठाऊक नसे. एका आईची सातही मुले तिने एकाच दिवशी विकलेली पाहिली. आपल्याला ती तारीख भीमा-कोरेगावमुळे ठाऊक आहे. अमेरिकेतही १८६३ साली लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा त्याच तारखेला अमलात आला, आणि १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. पण जेकब्सचा कागद त्याआधीच, १८५२ साली झाला. एका मैत्रिणीने ३०० डॉलर भरून तिला सोडविले. तिने उपकार मानले. मात्र जे आपलेच होते त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, आणि न्यू यॉर्कसारख्या मुक्त शहरात माणसाची खरेदीपावती झाली, याचा सल तिने लपविला नाही.

घरी वाचावयास कोठून सुरुवात करावी असे काही भगिनींनी विचारले आहे. या पुस्तकात मोठ्यांनी वाचावयाची पाने पुष्कळ आहेत. मुलांसाठी नाताळचे प्रकरण घ्या. आजी माळ्यावर कापड आणून देते आणि जेकब्स अंधारात मुलांसाठी नवे कपडे व खेळणी शिवते. नाताळच्या सकाळी ती भोकातून पाहते : बेनी आणि एलेन नवे कपडे घालून रस्त्यावर आले आहेत. बेनी एका सवंगड्याला विचारतो, सांताक्लॉजने तुला काय आणले? तो पोर शहाणा असतो. तो म्हणतो, सांताक्लॉज खरा नसतोच, वस्तू ठेवतात त्या मुलांच्या आया. बेनीला ते पटत नाही. आम्हाला तर नवे कपडे मिळाले, तो म्हणतो, आणि आमची आई केव्हाच निघून गेली आहे.

ती वरून ऐकत असते.

जय भीम.